सतरा चिंचोके

आमच्या घरात कुठलीही गोष्ट जशी लिहिली आहे तशी वाचायची पद्धत नव्हती. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क. दिवसभर साहेबांची पत्रं अक्षर न् अक्षर टाइप करून ते इतके विटलेले असायचे, की घरी पेपर मोठ्यानं वाचताना बातम्या सुधारून वाचत. मंत्र्याचं भाषण अर्ध्यात कापायचे आणि उद्या पाऊस येणार हे पदरचं घालायचे. आईचं तर विचारूच नका. पूजेची कथा वाचताना प्रसादाचा शिरा गार होऊन राहिला असं दिसलं, की ती दोन पानं एकदम उलटायची. कथेतला व्यापारी होडीत बसला की लगेच घरी पोचलेला असायचा. कुणाची तक्रार नव्हती. उलट सेक्टरातल्या बाया कौतुक करायच्या, की वहिनींची कथा कशी आटोपशीर असते. तेव्हा पुढे मी जे केलं त्यात दोष एकट्या माझा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लावून चाचीचं क्वार्टर होतं. चाची मूळची कामठीची. लग्न करून भिलाईला आली ती आमच्या आईच्याही आधी. मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदी. तिच्या व्हरांड्यात रोज दुपारी चारला वीसेक मुलं चटईवर बसून कुराण वाचायला शिकायची. पुढे-मागे डोलत सगळी एकदम वाचायची, जो तो आपापल्या ओळीवर. आम्हाला तो नुसता गलका वाटायचा. चाची आत स्वयंपाकघरात कांदा चिरत असायची आणि तिथूनच ओरडायची, "ऐ लाल कमीज! वापस!" त्या लाल शर्टवाल्यानं कुठे तरी एक मात्रा गिळलेली असायची. त्याला पानाच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचावं लागे. वीस आवाजांतून एक चुकलेली मात्रा ही बाई फोडणीच्या चरचराटात कशी पकडते, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

आणि गंमत अशी, की चाचीला स्वतःला त्यातला अर्थ येत नव्हता. शाळा तिनं पाहिलीच नव्हती. लहानपणी कामठीत एका म्हातारीपाशी बसून ती अरबी अक्षरं शिकली, त्यांच्या वरखालच्या खुणा शिकली आणि अख्खं कुराण वाचायला लागली. उर्दूत त्या खुणा नसतात म्हणून उर्दू अडायचं. हिंदी तर अजिबातच नाही. मी एकदा आगाऊपणानं विचारलं होतं, "चाची, मतलब समझे बिना कैसे पढ़ती हो?" तर म्हणाली, "तेरे बाबूजी सुबह दाढ़ी बनाते-बनाते जो संस्कृत बोलते, उसका मतलब पूछ के आ।" मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "तुले शाळेत उशीर नाही होऊन राहिला का?"

बाबांचं ते स्तोत्र भिंतीपलीकडे ऐकू जायचंच. पहिल्या शिफ्टची बस गाठायची असली की ते असं सुटायचे की बोलता सोय नाही. चाची आईला विचारायची, "भाभी, भाईसाहब के पीछे कौन लगता है?"

चाचा प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते. माणूस अबोल म्हणावा, तर तेही कमीच. वर्षाकाठी त्यांच्या तोंडून मी पाच-सहा वाक्यं ऐकली असतील. संध्याकाळी आले की अंगणात खाटेवर बसायचे आणि चहा प्यायचे. चाची समोर उभी राहून दिवसभराचा सगळा पाढा वाचायची, मध्येच विचारायची, "मैं किस से बात कर रही, खाट से?" ते मान हलवायचे. एवढंच. एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते गेले. ते तीन दिवस चाची त्यांच्या उशाशी बसून वाचत होती. आजारी माणसाजवळ वाचतात ती एक सूरा आहे, म्हणजे एक अध्याय म्हणा, तो तिला पाठ होता. सेक्टरात कुणी अखेरचं असलं की तिलाच बोलवायला यायचे. या वेळी ती आपल्याच घरच्यासाठी वाचत होती.

मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. मी तेव्हा तेरा वर्षांची. एक दिवस चाचीनं मागच्या अंगणाच्या भिंतीवरून मला हाक मारली.

"तू हिंदी में फर्स्ट आई ना?"

मी आले होते, आणि ते मी क्वार्टरांच्या अख्ख्या ओळीला सांगून झालं होतं.

"तो एक काम कर। मेरे को तरजुमा पढ़ के सुना।"

तिच्या पुतण्यानं रायपूरहून हिंदी भाषांतराचं कुराण आणलं होतं. हिरव्या कापडात बांधलेलं ते पुस्तक महिनाभर तिच्या कपाटावर तसंच होतं. मी म्हटलं, तुमच्या मुलाला सांगा ना, त्याला तर हिंदी येतं. चाचांच्या जागी तो प्लांटमध्ये लागला होता. चाची म्हणाली, "बाप का नाम निकला कि उठ के चला जाता। उसको कैसे बोलूँ?" मशिदीतल्या हाफिजजींना तिनं विचारलं होतं. ते म्हणाले, पढ़ते रहिए आपा, पढ़ने में सवाब है, म्हणजे पुण्य.

"सवाब तो है," चाची म्हणाली. "मैं कब बोली नहीं है? लेकिन बेटा, मैंने उनको तीन दिन क्या सुनाया, मेरे को ये जानना है। मरने के बाद वहाँ जाके सवाल-जवाब होता है। और ये आदमी तो दूधवाले को जवाब नहीं देता था। जाते-जाते मैंने उनके काम का कुछ सुनाया, कि ऐसे ही कान खाए?"

हे ती हसत हसतच म्हणाली होती. पण पदराचं टोक तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.  मी लगेच हो म्हटलं.

घरी सांगितलं तर आईनं कपाळाला हात लावला. "कावून वं, तुले दुसरे धंदे नाहीत का? अन् त्यांच्यात चालते का हे?" मग स्वतःच भिंतीशी जाऊन आपल्या खास हिंदीत विचारून आली, "भाभीजी, हमारी पोरगी ने पढ़ा तो चलता क्या?"

"तरजुमा है भाभी, चलता है। बस नहा के आए, सिर ढक के बैठे, और बीच में उठ के ना भागे।"

"नहाने का मैं देखती," आई म्हणाली. "पण एक जगे बैठना इसको जमताच नहीं।"

दुसऱ्या दिवसापासून तीच सूरा, रोज एक भाग, असं आमचं सुरू झालं. दुपारी जेवणं झाल्यावर, मुलं यायच्या आधी, कूलरसमोर. परीक्षेच्या दिवशीसुद्धा मी एवढी वेळेवर अंघोळ केली नव्हती. चाचीचं कुराण लाकडी घोडीवर तिच्यापुढे, आणि भाषांतर माझ्यापुढे उशीवर. बाजूला एका सुपात मूठभर चिंचोके आणि एक वाटी. ती पद्धत तिची स्वतःची होती. एक आयत, म्हणजे एक ओळ, अरबीत वाचली की एक चिंचोका सुपातून चटईवर ठेवायचा. असा एक भाग वाचून झाला की मी हिंदीत सुरुवात करायची. मी एक आयत वाचून थांबले की ती चटईवरचा एक चिंचोका उचलून वाटीत टाकायची. त्यांच्याकडे बाया मिळून काही वाचायला बसल्या की मोजायला चिंचोके घेतातच, म्हणून मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे जपमाळ असते तसं काहीसं असेल, असं मी धरून चालले.

भाषांतराची हिंदी मात्र भलतीच भारी होती. वर्गात पहिली आलेली मी दर दोन ओळींना अडखळायची. मग अडखळले हे कळू नये म्हणून मध्येच आपलंच समजावून सांगायला लागायची. चाची हात वर करायची.

"रुक। ये लिखा है कि तू बोल रही?"

"मैं समझा रही।"

"पहले लिखा हुआ पूरा। फिर तेरा। दोनों की खिचड़ी नहीं।"

बाप रे, शाळेतल्या बाईंनी मला असं कधी टोकलं नव्हतं! मी फुरंगटून बसायची. पण मग माझं समजावणं झालं की ती तिचं सांगायची, आणि ते ऐकण्यासारखं असायचं. मेलेल्या जमिनीला पुन्हा जीव येतो, तिच्यात खजुराच्या आणि द्राक्षांच्या बागा होतात, असं आलं तेव्हा तिला भिलाईजवळच्या अहिवाऱ्याकडची चुनखडीची माळरानं आठवली. पावसाळ्यात तिथे हिरवं कसं फुटतं ते तिनं बसमधून पाहिलं होतं. सूर्य आणि चंद्र आपापल्या वाटेनं चालतात, कुणी कुणाला गाठत नाही, असं आलं. चाची खूश होऊन म्हणाली, "मतलब अपनी-अपनी शिफ्ट में। ये 'ए' शिफ्ट, वो 'सी' शिफ्ट। ओवरटाइम किसी को नहीं।" मग चिंचोका वाटीत टाकत म्हणाली, "ये उनको अच्छा लगा होगा।"

रोज असं व्हायचं. काही चांगलं आलं की ती विचार करायची, हे त्यांनी ऐकलं तेव्हा पहिला दिवस होता की दुसरा, डोळे उघडे होते की मिटलेले. मी वाचत जायची आणि ती मनातल्या मनात दवाखान्यातले ते तीन दिवस पुन्हा लावत जायची. कधी कधी मला तिच्याकडे बघवायचं नाही.

चौथ्या दिवशी चाची अरबी वाचत असताना मी नुसतीच बसले होते, म्हणून पुढचं नजरेखालून घातलं.  सुरुवातीला नरसिंगा, म्हणजे रणशिंग, फुंकला जातो, लोक कबरींतून उठतात. मग बागेत सावली आहे, सोबतीला आपलं माणूस आहे, तिथपर्यंत ठीक होतं. पण त्यापुढे हिशेबाचा दिवस, गुन्हेगारांना वेगळं काढणं, आग, आणि आणखी काय काय. हे सगळं या बाईनं मरणाऱ्या नवऱ्याच्या कानाशी बसून वाचलं! एकदा नाही, तीन दिवस! तिला हे आज कळलं तर ती जेवायची नाही, असं मला ठाम वाटलं. आणि मी आमच्या घराण्याला साजेसा निर्णय घेतला. शिरा गार होऊन राहिला होता, मी पानं उलटली.

चार आयती मी गाळल्या. नुसत्या गाळून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी वक्तृत्वातही बक्षीस घेतलं होतं ना! गाळलेली जागा मोकळी दिसू नये म्हणून मी एक स्वतःची घातली, तीही आवाज जरा खाली आणून, थांबत थांबत: "और जिन्होंने उम्र भर गर्मी में काम किया, वे वहाँ ठंडक में सोएँगे, और वहाँ कोई भोंपू बजाकर उन्हें जगाएगा नहीं।" प्लांटच्या शिफ्टच्या भोंग्यावरून सुचलेली ती ओळ मला स्वतःलाच फार आवडली.

चाचीनं डोळे पुसले. चिंचोका वाटीत टाकला. मी भाग संपवला, पुस्तक मिटायला लागले, आणि पाहिलं तर ती चटईकडे बघत होती. चटईवर तीन चिंचोके उरले होते.

"तीन बच गए," ती म्हणाली.

"तुमने ज्यादा रखे होंगे।"

हे मी कुणाला सांगत होते? लाल शर्टवाल्याला स्वयंपाकघरातून पकडणाऱ्या बाईला!  ती आपल्या कुराणात आयतीच्या शेवटी असलेल्या एक एक गोल खुणेवर बोट ठेवत मोजत गेली. सतरा. मग माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. चेहरा असा उतरला होता की मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

"तीन क्या लिखा था?"

"कुछ नहीं... ऐसा ही..."

"जो तूने छोड़ा, वो मैंने उनको सुनाया है," ती म्हणाली. "एक मात्रा नहीं छोड़ी। रात-दिन बैठी मैं। तू कौन होती मेरे सुनाए में से निकालने वाली? वापस।"

तो "वापस" आजवर मी भिंतीपलीकडून ऐकला होता. आपल्याला लागला की काय होतं ते त्या दिवशी कळलं. मी रडत रडत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चाचीनं सतरा चिंचोके पुन्हा चटईवर मांडले. या वेळी मी काही गाळायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझी ती ओळ! ती काढायला माझा जीव होईना. इतकी चांगली जमली होती, आणि चाचीचे डोळेही भरले होते. म्हटलं, तिच्या जागी राहू द्यावी, कुणाचं काय जाते.

तर गाळलेलं सगळं यायच्या आधीच घोळ झाला. नरसिंगा झाला, बाग झाली, सावली झाली, मी आवाज खाली आणून भोंपू वाजवला, आणि चाचीनं हात वर केला.

"रुक। अभी ऊपर तूने पढ़ा, नरसिंगा फूँकेंगे और सब उठेंगे। अब बोलती, भोंपू नहीं बजेगा। बजेगा कि नहीं बजेगा?"

मी पानात डोकं खुपसलं.

"ये तेरा है ना?"

मी मान हलवली.

चाचीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आणि हसणं आवरत नव्हतं. "या अल्लाह, कोक ओवन का भोंपू! जन्नत में!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "सुन। तेरा दिल अच्छा है। लेकिन इसमें अपना नहीं मिलाते। कभी नहीं। मिलाना है तो बाद में बोल, मैं अलग से सुनूँगी। तौबा कर।" मी कान धरले. तिनंही धरले, माझ्यासाठी. मग डोक्यावर पदर सारखा केला आणि म्हणाली, "अब पढ़। जिससे तू डरी, वो।"

मी वाचलं. हिशेबाचा दिवस वाचला. गुन्हेगारांना वेगळं व्हायला सांगतात ते वाचलं. आगीचं वाचलं, आणि वाचताना तिच्याकडे बघितलं नाही. चाची एक एक चिंचोका उचलत होती आणि वाटीत टाकत होती, टक, टक. मग ती आयत आली जिची मला सगळ्यात जास्त भीती वाटली होती. त्या दिवशी तोंडांवर मोहर लावतील, तोंडाला बोलता येणार नाही, आणि माणसानं काय केलं ते त्याचे हात सांगतील, अशा अर्थाची.

टक झालं नाही. मी वर पाहिलं. चिंचोका तिच्या बोटांत तसाच होता.

"फिर से पढ़।"

मी पुन्हा वाचली.

"लिखा हुआ है? तेरा नहीं है?"

"लिखा हुआ है चाची। कसम से।"

तिनं माझा हात पकडला, पानावर ठेवलेला. "मतलब इसको पूछेंगे तो ये बता देगा, चार छोड़े थे?"

"हाँ।"

"और एक अपना घुसाया?"

"हाँ," म्हणून मी पुन्हा रडायला लागले. ती मला जवळ घेऊन हसली, पण त्या हसण्यात तिचं लक्ष नव्हतं. कूलरचं पाणी टपटपत होतं. बराच वेळ तिनं माझा हात सोडला नाही.

"मेरे को यही तो डर था बेटा," ती म्हणाली. "रोज सोचती थी, उनसे पूछेंगे, और ये आदमी वहाँ भी मुंडी हिला के खड़ा रहेगा। मैं भी नहीं बाजू में, कि उनकी तरफ से बोल दूँ। पैंतीस साल सबको मैंने ही जवाब दिया उनकी तरफ से।"

बाहेर पहिलं मूल चटई ओढत आलं. चाचीनं तिकडे पाहिलंही नाही. चाचांच्या हातांचं सांगायला लागली. ओव्हनची दारं लावून लावून त्यांच्या मनगटांपर्यंत कातडी कशी चामड्यासारखी झाली होती. त्याच हातांनी ते ती तापानं पडली असताना तिची वेणी घालायचे, वाकडीतिकडी. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांचं छप्पर उडालं तेव्हा न सांगता जाऊन बांधून आले होते, आणि हे तिला महिन्यानं शेजारणीकडून कळलं होतं.

"हाथ बोलेंगे ना?" तिनं मला पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हो, तसंच लिहिलंय.

"तो फिकर नहीं," चाची म्हणाली आणि चिंचोका वाटीत टाकला. "उनके हाथ एक बार बोलने लगे, तो जल्दी चुप नहीं होंगे।"